पाखरांची वाट आणि राष्ट्रांच्या सीमा

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. तहात मुलूख वाटला जातो, खंडणी ठरते, कैद्यांची अदलाबदल होते. आज ज्या तहांचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे, त्यांची जात निराळी आहे. ज्यांच्यासाठी ते झाले त्यांनी ते कधी मागितले नाहीत. त्यांवर त्यांची सही नाही की शिक्का नाही. आणि तह मोडला गेला तर दाद मागण्यासाठी त्यांना कोणत्याही दरबारात उभे राहता येत नाही. ऋतुमानाप्रमाणे देशोदेशी हिंडणाऱ्या पाखरांसाठी आणि इतर वन्य जीवांसाठी राष्ट्राराष्ट्रांनी गेल्या सव्वाशे वर्षांत जे करारमदार केले, त्यांची ही हकीकत आहे.

विषय ऐकताच कोणी म्हणेल, की हा परराष्ट्र खात्याचा मामला. चितेगावच्या माणसाला त्याचे काय? परंतु हा संबंध आपण समजतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे. चितेगावाहून पैठणच्या रस्त्याने दक्षिणेकडे गेले की नाथसागराचा मुलूख लागतो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि सुमारे १०२ टी.एम.सी. पाण्याची साठवण, असा हा पसारा आहे. याच पाण्यावर छत्रपती संभाजीनगर शहराची तहान भागते, कारखाने चालतात आणि कालव्याखालची शेते भिजतात. शंभराहून अधिक गावांनी आपली घरेदारे आणि काळीभोर शिवारे पाण्याखाली घातली तेव्हा हा सागर झाला, हेही विसरून चालणार नाही.

धरण बांधणाऱ्यांनी पाखरांचा विचार केला नव्हता. परंतु नाथसागर खोल कमी आणि पसरट जास्त. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरू लागले, की काठाकाठाने चिखलाची रुंद पट्टी उघडी पडत जाते, आणि त्या पट्टीत किडे, शिंपले, पाणवनस्पती यांची रेलचेल असते. थव्यांना ही जागा सापडली. त्यांची संख्या आणि विविधता पाहून सरकारने १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. आज छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे. येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली असून त्यांपैकी सत्तरांवर जाती बाहेरून येणाऱ्या आहेत.

हे पाहुणे येतात तरी कोठून? केशरी अंगाचा चक्रवाक येतो तो लडाख, तिबेट आणि मध्य आशियातून. तलवार बदक आणि थापट्या यांची घरटी सैबेरियाच्या पाणथळ प्रदेशांत. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकादंब मंगोलिया आणि तिबेटच्या सरोवरांवर पिले वाढवतो आणि हिवाळ्याच्या तोंडी हिमालय ओलांडून इकडे येतो. उपग्रहाशी संपर्क ठेवणारी छोटी यंत्रे पाठीवर बांधून शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला, तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून गेल्याचे आढळले. कांड्या करकोचा मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून येतो. आणि काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला तो पाणपक्षी, ज्याला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ असे नाव दिले, त्याचे थवेही हिवाळ्यात नाथांच्या पैठणाजवळ जमतात. तिकडे पाणी गोठून दगड होते आणि अन्न संपते म्हणून ही मंडळी निघतात. इकडे उन्हाळा तापू लागला की परततात. त्यांच्या या वाटेवर किती देशांची चौकी-ठाणी लागतात याची त्यांना कल्पना नसते.

माणसालाही ही वाट कळायला फार वेळ लागला. हंस मानससरोवराकडे जातात, एवढे संस्कृत कवींना ठाऊक होते. युरोपात मात्र पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात निजून राहतात, असा समज शतकानुशतके होता. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून आरपार गेलेला एक लांब भाला होता, आणि तो भाला आफ्रिकेतील बनावटीचा होता. आफ्रिकेत कोणी तरी तो फेकला, पक्षी मेला नाही, आणि तो भाला घेऊन तसाच युरोपात परतला. रॉस्टॉक विद्यापीठात हा पक्षी अजून ठेवलेला आहे. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत धातूची कडी घातली आणि कड्यांवर क्रमांक व पत्ता कोरला. कडे घातलेला पक्षी कोठे सापडला हे पत्राने कळू लागले आणि पाखरांच्या प्रवासाची खातेवही उघडली.

वाट कळल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला, की या वाटसरूंचे रक्षण करायचे कोणी? पहिला मोठा प्रयत्न १९०२ सालचा. त्या वर्षी मार्च महिन्यात पॅरिस येथे युरोपातील काही राष्ट्रांनी ‘शेतीस उपयुक्त अशा पक्ष्यांच्या’ रक्षणाचा करार केला. करारातील ‘उपयुक्त’ हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. कराराला दोन याद्या जोडल्या होत्या. किडे खाणारे पक्षी पहिल्या, उपकारक यादीत गेले. गरुड, ससाणे, बगळे, पाणकावळे इत्यादी दुसऱ्या, अपकारक यादीत गेले, आणि त्यांना मारण्यास मोकळीक राहिली. शिवाय इटली या करारात आलाच नाही. आणि उत्तर युरोपातून दक्षिणेकडे जाणारे असंख्य पक्षी तर इटलीवरूनच जात. साखळीतील एक कडी सुटलेली असली, की बाकीच्या कड्या कितीही मजबूत असून उपयोग होत नाही.

उपकारक कोण आणि अपकारक कोण हे ठरवणे किती अवघड आहे, हे आपल्या शिवारातील भोरडीवरून समजते. गुलाबी पोटाची, काळ्या डोक्याची ही पाखरे थव्याथव्यांनी रब्बीच्या ज्वारीवर उतरतात. कणसात हुरडा भरला, की शेतकरी मचाणावर चढून गोफण फिरवू लागतो. त्याच्या दृष्टीने भोरडी चोर आहे, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकत नाही. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात घरटी करते आणि तेथे टोळांचा फडशा पाडते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तिने कुरणांजवळ राहावे म्हणून माणसांनी दगडविटांची घरटी बांधून ठेवली आहेत. एका देशात जिच्यावर गोफण चालते तिच्यासाठी दुसऱ्या देशात घर बांधले जाते! तेव्हा पाखराचा हिशोब एकाच देशाच्या, किंवा एकाच हंगामाच्या वहीत पुरा होऊ शकत नाही. १९०२ च्या करारकर्त्यांना हे उमगले नव्हते.

दुसरा करार समुद्रातील प्राण्यांचा आहे आणि माझ्या मते तो अधिक शहाणपणाचा होता. उत्तर पॅसिफिक महासागरात दाट, मऊ केसांचे सील नावाचे प्राणी राहतात. पिले घालण्यासाठी ते अमेरिकेच्या, रशियाच्या आणि त्या काळी जपानच्या ताब्यातील मोजक्या बेटांवर येत आणि वर्षाचा बाकीचा काळ खुल्या समुद्रात हिंडत. त्यांच्या कातड्यांना मोठी किंमत येई. बेटांवर शिकार करणाऱ्याला नर-मादी पाहून मारता येई. परंतु गलबतांवरून भर समुद्रात होणाऱ्या शिकारीत माद्याही मरत आणि किनाऱ्यावर त्यांची पिले उपाशी मरत. कळप झपाट्याने घटले. तेव्हा जुलै १९११ मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी तह केला. भर समुद्रातील शिकार बंद झाली. परंतु ज्यांच्याकडे महत्त्वाची बेटे नव्हती त्यांनी शिकार का सोडावी? त्याला तहात उत्तर होते: बेटांवर मर्यादित प्रमाणात मिळणाऱ्या कातड्यांतील ठरावीक वाटा त्यांना दरवर्षी मिळावा. कळप पुन्हा वाढले. १९४१ साली जपान बाहेर पडल्याने हा तह संपला. परंतु १९५७ मध्ये याच चार बाजूंनी तो पुन्हा नव्या रूपात केला. जो माघार घेतो, हात आवरतो, त्याच्या पदरात काही तरी न्याय्य टाकावे लागते, हा धडा या तहाने दिला. आपल्याला तो पुढे उपयोगी पडणार आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत एक मोठी आपत्ती घडून गेली. प्रवासी कबुतर नावाचे पक्षी तेथे इतके होते, की त्यांचे थवे आकाशातून जाऊ लागले म्हणजे ऊन झाकोळून जाई. त्यांची इतकी कत्तल झाली, की १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीची शेवटची मादी मेली आणि ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. दोन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९१६ रोजी, अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी स्थलांतरित पक्ष्यांचा करार केला. १९१८ साली त्यावरून अमेरिकेत कायदा झाला. त्यावर मिसुरी राज्याने तक्रार केली, की आमच्या राज्यातील पक्षी आमच्या मालकीचे. केंद्र सरकारने त्यात हात घालू नये. १९२० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी ती तक्रार फेटाळली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जो पक्षी काल येथे आलेला नव्हता, उद्या शेजारच्या राज्यात असेल आणि आठवड्याने हजार मैलांवर असेल, त्याच्यावर मालकी सांगण्याला आधार कोणता? आणि सर्वांनी मिळून त्याला राखले नाही, तर ज्यावर हक्क सांगायचा ते पाखरूच लवकर उरणार नाही.

हा मुद्दा गोदाकाठच्या माणसाला निराळा समजावून द्यावा लागत नाही. गोदावरी नाशिककडून येते, अहिल्यानगर जिल्ह्यातून वाहते आणि मग आपल्याकडे पोहोचते. वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही यावर किती वर्षे झगडा चालला, हे येथील प्रत्येक माणूस जाणतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला, समन्यायी पाणीवाटप हा शब्द रूढ झाला, प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. नदी माझ्या गावातून वाहते म्हणून ती माझी एकट्याची नव्हे, हे तत्त्व आपण मराठवाड्याच्या बाजूने मांडत आलो. पाखरांची वाट ही देखील एक नदीच समजा. फरक इतकाच, की या नदीवर आपण कधी खालच्या अंगाला असतो, तर कधी वरच्या. वसंतात येथून धष्टपुष्ट होऊन निघालेला पक्षी मंगोलियात पोहोचून अंडी घालतो. आपण त्याला येथे मारले किंवा उपाशी ठेवले, तर पाणी अडवणारे आपणच ठरतो.

आता भारताकडे वळू. संस्थानी आणि ब्रिटिश अमदानीत हिवाळी पाहुण्यांकडे मुख्यतः शिकारीच्या दृष्टीने पाहिले जाई. राजस्थानातील भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारी मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले, आणि ही संख्या अभिमानाने दगडावर कोरून ठेवण्यात आली. त्याच काळात एक निराळे कामही चालू होते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या नोंदी गोळा करीत होती. सालिम अली यांनी १९३१–३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी केली; औरंगाबाद हा तेव्हा त्याच संस्थानाचा जिल्हा होता. जायकवाडी धरण त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या कामाला जी आंतरराष्ट्रीय गती मिळाली, तिचे कारण मोठे चमत्कारिक आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. त्या रोगाचा विषाणू रशियात आढळणाऱ्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. सैबेरियातून येणारी पाखरे आपल्या अंगावरच्या गोचिडांबरोबर हा रोग आणतात की काय, असा संशय आला. तो तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ च्या सुमारास पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले. पाखरांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. परंतु हजारो पक्ष्यांच्या पायांत मुंबईचा पत्ता पडला. त्यांतील काही सोव्हिएत रशियाच्या दूरदूरच्या भागांत सापडले आणि तेथून पत्रे आली. भीतीपोटी सुरू झालेले काम ओळखीत बदलले. १९८४ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार केला, त्यामागे या कड्यांनी जमवलेला पुरावा होता.

दरम्यान जगही पुढे सरकले होते. फेब्रुवारी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. त्या यादीत महाराष्ट्रातील पहिले नाव २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले: आपल्याच गोदावरीवरचे, नाथसागराच्या वरच्या अंगाचे, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर. १९७२ साली स्टॉकहोम येथे पर्यावरणाची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधी तेथे बोलल्या, आणि त्याच वर्षी भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला. सीमा ओलांडणाऱ्या प्राण्यांसाठी राष्ट्रांनी एकत्र यावे, ही सूचना स्टॉकहोमलाच पुढे आली होती. तिचे फळ म्हणजे २३ जून १९७९ रोजी जर्मनीतील बॉन शहरी झालेला करार. तो १ नोव्हेंबर १९८३ पासून अमलात आला आणि भारत त्याच वर्षी त्यात सामील झाला. आज सव्वाशेहून अधिक देश त्याचे सभासद आहेत.

या कराराची रचना सोपी आहे. त्याला दोन परिशिष्टे आहेत. पहिल्यात नाहीसे होण्याच्या धोक्यात असलेले प्राणी. त्यांना मारणे-पकडणे सर्व सभासद देशांनी बंद करावयाचे, त्यांची वसतिस्थाने राखावयाची. दुसऱ्यात असे प्राणी, की ज्यांच्या रक्षणासाठी वाटेवरच्या देशांनी आपसांत स्वतंत्र करार करावेत. येथे उपकारक-अपकारक ही वाटणी नाही. प्राणी संकटात आहे का आणि तो सीमा ओलांडतो का, एवढेच पाहिले जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये या कराराची तेरावी परिषद आपल्या गांधीनगरला भरली. तेव्हा माळढोक आणि आशियाई हत्ती यांना पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्यावर तीस देश येतात आणि भारत त्याच्या मध्यावर आहे. २०२४ साली समरकंदच्या परिषदेत या मार्गाच्या कामाचा समन्वय भारतातून व्हावा असे ठरले.

इथवर ऐकून आपणास वाटेल, की करार झाले म्हणजे काम झाले. तसे नाही, आणि याची साक्ष द्यायला भरतपूरच पुरे आहे. सैबेरियातील पांढराशुभ्र क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला येत असे. १९६० च्या दशकात तेथे शंभरावर क्रौंच उतरत. शिकारीची जागा पुढे राष्ट्रीय उद्यान झाली, जागतिक वारसा ठरली. भरतपुरात त्यांना पुष्कळ संरक्षण मिळाले. परंतु हजारो मैलांच्या वाटेवर अफगाणिस्तान व पाकिस्तानात त्यांची शिकार होत राहिली, विश्रांतीची तळी आटली. १९९३ साली बॉन कराराच्या छायेखाली केवळ या पक्ष्यासाठी एक सामंजस्य करार झाला, भारतही पुढे त्यात आला. पण तोपर्यंत बोटांवर मोजण्याइतके क्रौंच उरले होते. २००१–०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी भरतपूरला दिसली. त्यानंतर तळे आहे, पहारा आहे, कागदही आहे, क्रौंच नाही. त्याच जातीचे काही हजार पक्षी पूर्वेकडच्या दुसऱ्या वाटेने चीनमधील पोयांग सरोवरावर अजून उतरतात. जात तीच, एक वाट तुटली, दुसरी राहिली.

याच्या उलट गोष्ट नागालँडची आहे आणि ती आपण विशेष लक्षपूर्वक ऐकावी, कारण तीही एका धरणाची गोष्ट आहे. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले, जलाशय झाला, लोकांची सुपीक जमीन त्यात गेली. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे लाखांनी तेथे उतरतात. ईशान्य चीन आणि सैबेरियातून निघून ते दक्षिण आफ्रिकेला जातात. जमीन गेलेल्या लोकांनी मासेमारीची जाळी झाडांमध्ये लावली आणि ससाणे धरून विकू लागले. २०१२ साली त्या एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि जगभर बोंब झाली. पुढे काय व्हावे? पोलीस, दंड, तुरुंग? गावांच्या पंचायती बसल्या, चर्चच्या धर्मगुरूंनी लोकांना सांगितले, वनखाते व स्वयंसेवक मंडळी गावोगाव फिरली, लोकांच्या रोजीचा विचार झाला. आणि २०१३ च्या हंगामात एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही. त्या वर्षी भारतीय व हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली आणि त्यांना नागा, वोखा व पांगती अशी तेथलीच नावे दिली. भारताचे द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून ते आफ्रिकेत पोहोचले. बॉनमधील कागदाला अर्थ आला तो पांगती गावात.

या दोन गोष्टींतून, आणि सीलांच्या जुन्या तहातून, मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. वाटेवरचे सगळे सामील झाले पाहिजेत. हात आवरणाऱ्या गरिबाचा वाटा राखला पाहिजे. आणि हे सारे पाखरे असतानाच झाले पाहिजे. यांतील पहिली गोष्ट दिल्ली, बॉन आणि समरकंद येथे होऊ शकेल. दुसरी व तिसरी मात्र काठावरच व्हावी लागते.

नाथसागराच्या काठावर आज काय स्थिती आहे? पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा होतो. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांनी गाळात चार पायल्या धान्य पिकवले तर त्यांना दोष कोण देईल? परंतु पाखरांना लागणारी चिखलाची पट्टी तीच आहे. भोई आणि कहार बांधवांची रोजी माशांवर आहे. त्यांच्या जाळ्यात पाणपक्षीही अडकतात. पाण्यावर तरंगती सौरपटले बसवून वीज करण्याची योजना पुढे आली, तेव्हा मासेमारांनी आणि पक्षिप्रेमींनी हरकती घेतल्या आणि वाद न्यायासनापुढे गेला. वीज हवी, अन्न हवे, मासा हवा आणि पाखरूही हवे, असा हा पेच आहे. तो केवळ मनाईच्या फलकांनी सुटणार नाही. कोणता किनारा कोणत्या महिन्यात मोकळा ठेवायचा, जाळी कोठे लावायची नाहीत, आणि त्यापायी ज्याचे नुकसान होते त्याची भरपाई कशी करायची, हे काठावरच्या गावांनी, मासेमारांनी, वनखात्याने आणि पाटबंधारे खात्याने एकत्र बसून ठरवण्याजोगे आहे. शहरानेही त्यात आपला भार उचलला पाहिजे, कारण त्या पाण्यावर शहर जगते. आपली घाण पाणी शुद्ध न करता नदीनाल्यांत सोडणारा कारखाना किंवा नगर, दोघेही पाहुण्याच्या ताटात माती कालवतात. आणि ते ताट त्यांचे स्वतःचेही आहे.

पैठणचे संबंध दूरदेशाशी पूर्वीपासून आहेत. सातवाहनांच्या काळात प्रतिष्ठानचा माल भडोच बंदरातून रोमन साम्राज्यापर्यंत जात असे, आणि एका ग्रीक प्रवासवृत्तात या नगरीचा उल्लेख आहे. ते व्यापारी मार्ग आज मोडले. पाखरांचा मार्ग त्याहून जुना असून अद्याप चालू आहे. मंगोलियात गळ्यात हिरवी पट्टी घातलेले पट्टकादंब भारतातील तळ्यांवर पक्षिनिरीक्षकांना दिसले आहेत. त्या पट्टीवरचा क्रमांक वाचून तिकडे कळवणारे बहुधा तुमच्या-आमच्यासारखे शिक्षक, विद्यार्थी आणि नोकरदार लोक असतात. दुर्बीण घेऊन रविवारी धरणाकाठी जाणारी मुले या परिसरातही आहेत. त्यांनी पाहिलेले टिपून ठेवावे, ठेवलेले कळवावे. राष्ट्राराष्ट्रांचे करार अशाच नोंदींवर उभे राहिले, हे आपण पाहिलेच.

वैशाख संपता संपता नाथसागरावर चक्रवाक आणि पट्टकादंब दिसत नाहीत; ते एव्हाना हिमालयापलीकडे पोहोचलेले असतात. दिवाळीच्या सुमारास त्यांचे थवे पुन्हा येऊ लागतील. त्या आधीचे हे चार-सहा महिने बोलणी करण्यासाठी आपल्या हाती आहेत. वरच्या धरणातून हक्काचे पाणी मिळावे म्हणून ज्या चिकाटीने या भागाने पाठपुरावा केला, त्याच्या दशांश चिकाटीने काठाचा एखादा तुकडा हिवाळ्यात मोकळा राखण्याचे ठरवले, तरी या वाटेवरील आपली कडी शाबूत राहील.